नाव नसलेली जुनी मिनीबाइक : बनवणारा कोण असेल? (ठाणे)

कोलशेतकर

नमस्कार मंडळी. थोरल्या काकांचं पाचपाखाडीतलं घर पुनर्विकासाला गेलं. ते रिकामं करताना जिन्याखालच्या कोठीतून एक मिनीबाइक (लहान चाकांची, छोट्या इंजिनाची बुटकी दुचाकी) निघाली. काका मर्चंट नेव्हीत मरीन इंजिनिअर होते आणि १९७० च्या आसपास त्यांच्या जहाजाची अमेरिकेच्या बंदरांत बरीच ये-जा असे. त्यामुळे घरात तिला पहिल्यापासून 'अमेरिकन गाडी' म्हणतात. काका आता नाहीत. काकूंचं लग्न नंतरचं, त्यांनाही एवढंच ठाऊक आहे.

गाडीवर कंपनीचं नाव कुठेच नाही. बॅज नाही, स्टिकर नाही, फ्रेमवर पंच केलेला नंबर नाही. वरून लाल ऑइलपेंट मारलाय, खरचटलंय तिथे खालचा निळा दिसतो. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं आहे, ते त्याच्या पत्र्याच्या कव्हरवरच लिहिलंय. चाकं ८ इंची. मागे एकच ब्रेक, पुढे काही नाही. सस्पेन्शन नाही. सीट काळ्या रेक्झिनची.

मला ती पुन्हा चालू करायची आहे, पण त्याआधी ती कुणी बनवली हे कळायला हवं. नाव कळलं तर मूळ रंग आणि मूळ भाग शोधता येतील. जाणकारांनी कृपया मदत करावी. फोटो टाकले आहेत.

विंटेज_वेडा

भारी माल हाताला लागलाय! मला तरी ही रुप किंवा बोनान्झा वाटते. रुप म्हणजे ओहायोतल्या मॅन्सफिल्डची, बोनान्झा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची. साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला अमेरिकेत मिनीबाइकची लाटच आली होती. दोन्ही कंपन्यांचे स्टिकर नव्याने छापून मिळतात. फ्रेम सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग करून घ्या, गाडी झळकेल.

तुर्भे_टर्नर

कोलशेतकर, एक विनंती. सँडब्लास्टिंग अजिबात करू नका. रंगाला हातसुद्धा लावू नका. आत्ता तुमच्याकडे पुरावा म्हणून जे काही आहे ते त्या रंगात, गंजात आणि आट्यांमध्ये आहे. एकदा ब्लास्ट झालं की वेल्डिंगचा पोत जातो, जुने टॅक (वेल्डिंगचे ठिपके) दिसेनासे होतात, रंगाचे थर जातात.

मी टीटीसी एमआयडीसीत आयुष्यभर लेथवर काम केलं. गाडी कुणाची हे फोटोवरून मी सांगणार नाही, कुणी सांगूही नये. त्या काळात अमेरिकेत मिनीबाइक बनवणारे इतके होते की सगळ्यांची फ्रेम लांबून सारखीच दिसते. वाकवलेली दोन नळकांडी, मध्ये इंजिनाची प्लेट, वर सीट. कित्येकांनी नाव फक्त स्टिकरवर दिलं, फ्रेमवर ठोकलंच नाही. एकाच कारखान्याची फ्रेम दोन-तीन दुकानदारांच्या नावाने विकली जायची. वरून इंजिनं ठरावीक कंपन्यांचीच, ब्रिग्ज नाहीतर टेकमसेह. म्हणून आकारावरून नाव लावायला गेलात तर जे नाव आवडेल तेच सापडेल.

व्हर्नियर, पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) आणि रॉकेलात भिजवलेली चिंधी घ्या. पुढची मापं द्या: फ्रेमच्या पाइपचा बाहेरचा व्यास, पाइपची जाडी (एखादं तोंड उघडं असेल तर), पुढच्या-मागच्या ॲक्सलचे आटे, इंजिन प्लेटला बसलंय त्या बोल्टांचे आटे आणि मागच्या शाफ्टला बेअरिंग असेल तर त्यावरचा नंबर.

नौपाड्याची_मीनल

टर्नरकाकांना पूर्ण अनुमोदन. माझ्याकडे दोन जुन्या लॅम्ब्रेटा आहेत, त्या अनुभवावरून एक भर घालते. काही नावं आधीच बाजूला काढता येतील. होंडाची मंकी ही सगळ्यात ओळखीची मिनीबाइक. १९६१ मध्ये टोकियोच्या टामा टेक या मनोरंजन बागेसाठी झेड १०० बनली आणि १९६७ पासून झेड ५० एम विकायला आली. तिच्यावर फ्रेम नंबर असतो, इंजिन होंडाचं आडवं ५० सीसीचं असतं आणि सगळं मेट्रिक. ही ती नव्हे. युद्धातली ब्रिटिश वेलबाइक १९४२ ची. ९८ सीसीचं व्हिलियर्स इंजिन, छत्रीधारी सैनिकांसोबत डब्यात घालून विमानातून टाकायची म्हणून घडी होणारी. तुमची घडी होत नाही, म्हणजे तीही नाही आणि तिच्यावरून युद्धानंतर निघालेली कॉर्गीही नाही. आपल्याकडे जिला सगळे 'बॉबी' म्हणतात ती एस्कॉर्ट्सची राजदूत जीटीएस १७५ तर पूर्ण मोटरसायकल आहे, गिअर आणि लाइटसकट.

पण ती चाकं मला स्वस्थ बसू देत नाहीत. अमेरिकन मिनीबाइकला बहुतेक ४, ५ किंवा ६ इंची रिम असते. टायरच्या कडेवर साइज काय लिहिलीय? रिम दोन भागांत बोल्टने जोडलेली आहे का?

कोलशेतकर

टायरवर ४.०० - ८ दिसतंय, टायर देशी आहे. रिम दोन भागांची, बोल्ट लावून जोडलेली. बाकी मापं शनिवारी घेतो.

नौपाड्याची_मीनल

४.०० - ८ म्हणजे जुन्या डी आणि एलडी मॉडेलच्या लॅम्ब्रेटाचा टायर, शिवाय रिक्षाचाही तोच. लॅम्ब्रेटा बनवणाऱ्या एपीआय कंपनीचा कारखाना भांडुपला, म्हणजे मुलुंड ओलांडलं की आलाच. त्या काळी या भागात लॅम्ब्रेटाची रिम मिळणं सगळ्यात सोपं होतं. अर्थात मूळ चाकं खराब झाल्यावर इथे कुणी बदललीही असतील. तेवढ्यावरून निष्कर्ष नको.

सानपाडा_संकेत

मी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. आटे बघून देश कळतो का? मला वाटायचं इंच म्हणजे इंच आणि मेट्रिक म्हणजे मेट्रिक.

तुर्भे_टर्नर

संकेत, प्रश्न चांगला आहे आणि उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण इथेच बहुतेक जण फसतात.

इंचात दोन घराणी आहेत. अमेरिकेचं यूएनसी-यूएनएफ आणि ब्रिटिशांचं व्हिटवर्थ. अमेरिकन आट्याचा कोन ६० अंश, व्हिटवर्थचा ५५. पण पाव इंचाचा बोल्ट घेतलास तर दोन्हीकडे इंचात २० आटे. ५/१६ ला दोन्हीकडे १८. ३/८ ला दोन्हीकडे १६. म्हणजे या मापांवर पिच गेज लावून देश कळत नाही. नट एकमेकांवर चढतोसुद्धा, फक्त जरा ढिला किंवा घट्ट लागतो. फरक दिसतो अर्ध्या इंचाला. अमेरिकन यूएनसीला १३ आटे, व्हिटवर्थला १२. म्हणून मी मुद्दाम ॲक्सलचे आटे मागितले. तिथे अर्धा इंच असायची शक्यता जास्त.

मेट्रिकमध्येही खूण असते. ८ मिमीच्या बोल्टला जपानी गाड्यांवर १२ चा पाना लागतो, युरोपच्या आणि आपल्याकडच्या जुन्या बोल्टला १३ चा. १० मिमीला जपानी १४, बाकी १७.

आपल्याकडे त्या काळात सगळी सरमिसळ होती. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, पण कारखान्यांतले लेथ ब्रिटिश, त्यांचा लीडस्क्रू (आटे कापताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) इंचाचा. ज्या मशीनवर व्हिटवर्थ सहज कापता येतो, तिथला टर्नर ॲक्सलला व्हिटवर्थच कापणार. बेअरिंग मात्र बाजारात मेट्रिकच मिळायचं. त्यामुळे एकाच वस्तूत ॲक्सल व्हिटवर्थ आणि बेअरिंगचं घर मेट्रिक अशी जोडी दिसली, की माझी नजर आधी आपल्याकडच्या वर्कशॉपकडे जाते.

कोलशेतकर

मापं घेतली. शेजारच्या दादांनी पिच गेज दिला.

पाइपचा बाहेरचा व्यास २६.८ ते २६.९ मिमी, रंग खरडलेल्या जागी. मागच्या बाजूला एक तोंड उघडं आहे, तिथे जाडी २.६ मिमी.
मागचा ॲक्सल अर्धा इंच, १२ चा गेज बसतो, १३ चा बसत नाही. पुढचाही तसाच.
इंजिन ५/१६ च्या बोल्टांवर, १८ आटे.
इंजिनाच्या शाफ्टवर बिडाची पुली, त्यावर पट्टा. पट्टा ताणायला डाव्या हाताच्या लिव्हरने सरकणारी एक फिरकी आहे. पट्ट्यावरून मधल्या शाफ्टला आणि तिथून चेनने मागच्या चाकाला गती जाते. मधल्या शाफ्टच्या बेअरिंगवर ६२०३ आणि एनबीसी.

तुर्भे_टर्नर

छान काम केलंत. आता एकेक घेऊ.

पाइप. २६.९ बाहेरचा व्यास आणि २.६ जाडी म्हणजे आपल्याकडचा पाऊण इंची बी क्लास पाइप. प्लंबर ज्याला पाऊण इंची म्हणतात तो. कारखान्यात बनलेल्या मिनीबाइकला नळाचा पाइप सहसा नसतो, ट्यूब असते, आणि ट्यूब बाहेरच्या व्यासावर विकली जाते. एक इंची ट्यूब बरोबर २५.४ भरते. पण इथे थांबू नये. अमेरिकेतही घरी गाडी बनवणारे लोक नळाचा पाइप वापरत. त्यांचा पाऊण इंची पाइप २६.७ चा, म्हणजे तुमच्या मापापासून केसभर दूर. फरक जाडीत आहे, त्यांचा नेहमीचा पाइप जवळजवळ २.९ मिमी जाड. तुमचा २.६. गंज धरला तरी कल आपल्या बाजूला.

ॲक्सल १२ आट्यांचा, म्हणजे व्हिटवर्थ. अमेरिकन नाही. पण ॲक्सल बदलता येतो.

बेअरिंग. एनबीसी जयपूरची कंपनी, पण बेअरिंगही बदलता येतं. बदलता येत नाही ते त्याचं घर. ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४०, रुंदी १२ मिमी. घराला बुश (आत ठोकलेली बारीक नळी) मारलाय का, की सरळ ४० लाच बोअर केलंय? घर फ्रेमला वेल्ड असेल आणि थेट ४० चं असेल, तर ही फ्रेम पहिल्या दिवसापासून मेट्रिक बेअरिंगसाठी बनलेली आहे.

कोलशेतकर

बुश नाही. जाड पाइपचा तुकडा आतून बोअर केलाय, व्यास ४० भरतो. दोन्ही बाजूंनी फ्रेमला वेल्ड केलाय. वेल्डखाली आणि त्याच्या आसपास लाल किंवा निळ्याशिवाय तिसरा रंग नाही.

घणसोली_गॅरेज

इंजिनाच्या कव्हरवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. तिसरा कोड म्हणजे तारीख. पहिले दोन आकडे साल, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस. मॉडेल नंबर ८ ने सुरू होत असेल तर इंजिन साधारण ८ घनइंचाचं, म्हणजे १३० सीसीच्या आसपास, ३ हॉर्सपॉवर.

कोलशेतकर

मॉडेल ८ नेच सुरू होतं. कोड ७१०२१८ आणि पुढे दोन आकडे. म्हणजे १८ फेब्रुवारी १९७१!

घणसोली_गॅरेज

इंजिन मिलवॉकीचं, तारीख पक्की. एवढंच लक्षात असू द्या की कव्हर चार बोल्टांत निघतं आणि दुसऱ्या इंजिनावरही बसतं. प्लेटला जादा भोकं आहेत का ते बघा. आधी दुसरं इंजिन असेल तर त्याची भोकं राहतात.

कोलशेतकर

प्लेटला चारच लांबट खाचा आहेत, एकही जादा भोक नाही.

विंटेज_वेडा

मंडळी, एवढा कीस कशाला? इंजिन अमेरिकन, काकांनी आणली, घरात पन्नास वर्षं अमेरिकन म्हणतात. रुपचा स्टिकर लावा. विकायची वेळ आली तर किमतीत मोठा फरक पडेल.

नौपाड्याची_मीनल

स्टिकर लावायला माझा ठाम विरोध आहे. उद्या ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली की तो स्टिकरच पुरावा होऊन बसेल. ज्यांनी ती खरोखर बनवली त्यांचं काम आपण दुसऱ्याच्या नावावर लिहून देऊ. किमतीचंच म्हणाल तर खोटं नाव लावून जास्त पैसे घेणं ही फसवणूक आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

कोलशेतकर, सीट उघडता येते का? आत काय भरलंय ते बघा. अमेरिकन सीटमध्ये फोम असतो.

कोलशेतकर

मलाही स्टिकर नको, निश्चिंत राहा. सीटच्या खालच्या चुका (बारीक खिळे) काढल्या. आत काथ्या आहे. त्याखाली सागवानी फळी.

तुर्भे_टर्नर

काथ्या आणि साग. मग आता माझं मत सांगतो. इंजिन अमेरिकेहून आलं. गाडी इथे बनली. फेब्रुवारी १९७१ नंतर, आणि याच इंजिनासाठी. पाइप, बेअरिंगचं घर, ॲक्सल, रिम, सीट या पाचांतलं एकेक वेगळं घेतलं तर प्रत्येकाला दुसरं काही कारण देता येईल. पाचही एकाच बाजूला बोट दाखवतात, तेव्हा ते कारण टिकत नाही.

आणखी एक गोष्ट बघा, ती मला फोटोत अर्धवट दिसली. त्या पाइपला लांबीभर शिवण असते. वाकवलेल्या जागी ती शिवण कुठे आहे? बाकाच्या आत, बाहेर की कुशीला?

कोलशेतकर

सगळ्या बाकांवर कुशीला आहे. आणि कुठेही सुरकुती किंवा चपटेपणा नाही.

तुर्भे_टर्नर

म्हणजे बनवणारा साधा माणूस नव्हता. पाइप वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, कुशीवर ताण सगळ्यात कमी. शिवण तिथे ठेवली तर ती उघडत नाही. प्रत्येक बाकाला पाइप फिरवून शिवण कुशीला आणायची हे घाईत काम उरकणारा करत नाही. सुरकुती नाही म्हणजे आत वाळू ठासून भरून, तापवून वाकवलाय. या माणसाला नाव छापायची गरज वाटली नसेल, पण त्याचा हात मला या पाइपवर वाचता येतो. मी अशा लोकांकडे काम शिकलो, म्हणून हे मनापासून लिहितोय.

घरात कुणी तरी १९७१-७२ च्या सुमाराचं विचारण्यासारखं आहे का? ठाण्यात तेव्हा असं काम करणारी माणसं वागळे इस्टेटमध्येच भेटत. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि वागळे ही तिची पहिली वसाहत. टूलरूममधला फिटर सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या माणसासाठी असं काहीतरी करून देई, हे मी खूप पाहिलंय.

कोलशेतकर

आत्या नेरुळला असते. काकांची धाकटी बहीण, तेव्हा कॉलेजात होती. तिला फोन केला आणि मी तिला काही सुचवायच्या आधी विचारलं, की काकांनी गाडी आणली तेव्हा ती कशी आली होती.

ती म्हणाली, "गाडी कुठली आणतोय रे दादा? लाकडी खोक्यात इंजिन आणलं होतं. गाडी भाऊंनी केली."

भाऊ म्हणजे काकांचे मित्र. किसननगरला राहायचे, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. आत्याला त्यांचं आडनाव आठवत नाही. आठवतं ते एवढं, की काकांनी अमेरिकेत अशी गाडी पाहिली होती आणि कागदावर चित्र काढून भाऊंना दाखवलं होतं. पहिल्यांदा निळी होती. लाल रंग काकांनी नंतर मारला, कारण मुलांना निळा आवडत नव्हता.

मी बराच वेळ गाडीपाशी बसलो होतो. घरात आम्ही सगळे ज्यांच्या हातची गाडी चालवत मोठे झालो, त्यांचं नाव इतकी वर्षं कुणी घेतलं नव्हतं. मला भाऊंचं पूर्ण नाव शोधायचं आहे. किसननगर किंवा वागळेच्या जुन्या माणसांपैकी कुणाला अशी गाडी बनवणारे फिटर आठवत असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सानपाडा_संकेत

अंगावर काटा आला. काका, एक व्यवहारातला प्रश्न. ही घोडबंदर रोडवर चालवता येईल का? व्हिंटेज नोंदणीचा नियम आलाय ना?

घणसोली_गॅरेज

नाही येणार. २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी. त्यांना 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. तीही गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच. इथे पहिली नोंदणीच कधी झाली नाही, बिल नाही, चासी नंबर नाही. स्वतःच्या आवारात चालवा, हेल्मेट घालून. पुढे ब्रेक नाही हे विसरू नका.

विंटेज_वेडा

स्टिकरची सूचना मागे घेतो. आत्याबाईंचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, गाडीसोबत तोच खरा कागद. इंजिनाचं गॅस्केट आणि कार्बोरेटरचा डायफ्राम लागला तर सांगा, ब्रिग्जचे भाग माझ्या ओळखीत मिळतात.

कोलशेतकर

धन्यवाद, दोन्ही लागतील. मीनलताई, आत्याचं बोलणं रेकॉर्ड केलंय. रंग तसाच ठेवतोय, फक्त गंज थांबवणार. फ्रेमचं मापांसकट ड्रॉइंग काढून इथेच टाकीन. टर्नरकाका, मधल्या शाफ्टचं बेअरिंग बदलावं लागेल आणि ताणफिरकीचा बुश पूर्ण झिजलाय. तुमच्याकडे लेथ अजून चालू आहे का?

तुर्भे_टर्नर

चालू आहे. बुश गनमेटलचा करू. रविवारी सकाळी दहानंतर घेऊन या. बेअरिंग तुम्ही ठोकून काढू नका, घराला ओरखडा जाईल, मी पुलरने काढतो. पुली शाफ्टवरच राहू द्या, चावी (पुली शाफ्टवर पक्की धरणारी पट्टी) कुठल्या मापाची कापलीय ते मला स्वतः बघायचंय.